मोकळं झालेलं कार्ड

अठरा मे, रविवार. पहाटे पाच वाजता मी पुढच्या खोलीत फरशीवर बसून शाळेच्या शर्टांचे गठ्ठे बांधत होते. साइझप्रमाणे बारा-बारा लावायचे, कॉलरी आलटून पालटून ठेवायच्या, म्हणजे गठ्ठा एका बाजूला कलत नाही. सहा डझन माल सोमवारी दुकानदाराकडे पोचवायचा होता आणि रविवारचा आख्खा दिवस अकलूजला, नवऱ्याच्या भाचीच्या लग्नात जाणार होता. एसटी सात वाजता होती.

खरं तर हा माल गुरुवारीच बांधून व्हायला हवा होता. राहिला तो काज-बटणामुळे. माझ्याकडे चार शिलाई मशिनं आहेत, एक ओव्हरलॉक आहे, तीन बायका कामाला येतात. शर्ट आम्ही कटिंगपासून शिवून काढतो, पण काज पाडायचं मशीन माझ्याकडे नाही. त्यामुळे सगळा माल रिक्षात घालून काजवाल्याकडे न्यायचा, नगामागे त्याचा दर द्यायचा आणि तो देईल तेव्हा आणायचा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरातले निम्मे युनिफॉर्मवाले त्याच्या दारात उभे असतात. 'ताई, बुधवारी न्या,' म्हणतो आणि शनिवारी देतो. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. त्याच्याकडे मशीन आहे, माझ्याकडे नाही.

ते मशीन मला घ्यायचं होतं. जुनं पण चालू असलेलं ऐंशी हजारांपर्यंत मिळतं. त्यासाठी माझी महिला पतसंस्थेत ऐंशी हजारांची ठेव होती, चार वर्षांपूर्वी ठेवलेली. ती ठेव नवऱ्याला माहीत नव्हती. शिवाय माझ्या नावावर क्रेडिट कार्डाचं कर्ज होतं, ते मात्र दोघांनाही माहीत होतं. ऑगस्टपर्यंत कार्डाचं कर्ज संपवायचं आणि दिवाळीच्या आत मशीन आणायचं, असं मी ठरवलं होतं. गठ्ठ्यांना सुतळी बांधताना त्या बेतात काही खोट आहे असं मला वाटत नव्हतं.

कर्ज कशाचं होतं, हे सांगायला लाज वाटते, कारण सांगण्यासारखं काही नाहीच. कोणाचं ऑपरेशन झालं नव्हतं, घर जळालं नव्हतं. गच्ची गळत होती ती करून घेतली. फ्रिज बदलला. मुलाच्या हॉस्टेलचं डिपॉझिट भरलं. एका सीझनला दुकानदाराने पैसे थकवले म्हणून कापडाचे दोन गठ्ठे कार्डावर घेतले. बाकी काय काय होतं ते आता आठवतही नाही आणि त्याचीच किळस येते. खाल्लेलं आठवत नाही आणि बिल मात्र एक लाख वीस हजार.

कार्ड बँकेतल्या माणसाने चालू खात्यामागे गळ्यात मारलं होतं. त्याच्या जोडीला नवऱ्याच्या नावाने एक जादा कार्डही दिलं होतं, फुकट. फुकट म्हटल्यावर आमच्या घरात कोणी नको म्हणत नाही. नवरा एका शिक्षणसंस्थेत कारकून आहे. पगार बेताचा, पण खिशात पाकीट उघडल्यावर दिसेल असं एक चकचकीत कार्ड असलं की माणूस कॅन्टीनमध्ये जरा पुढे होऊन पैसे देतो. तसे ते देत.

बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात. एक पूर्ण आणि एक किमान. आम्ही दोन वर्षं किमान भरत होतो. सहा हजार. 'भरलं ना या महिन्याचं?' नवरा विचारायचा आणि मी हो म्हणायची, जणू वीजबिलच भरलंय. या जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, काम कमी होतं म्हणून मी ते बिल चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज. त्यावर जीएसटी. आम्ही भरत होतो त्या सहा हजारांतले पाच हजार नुसते व्याजात जात होते. मी शर्टामागे रुपया वाचवण्यासाठी दोऱ्याच्या रिळांवर घासाघीस करते. त्याच बाईने दोन वर्षं दर महिन्याला पाच हजार गटारात ओतले होते आणि वर वेळेवर ओतले म्हणून स्वतःला शाबासकी दिली होती.

मागच्या गल्लीत एक मुलगी राहते, ती एका एजन्सीत कार्डं विकते. तिची आई माझ्याकडे ओव्हरलॉकवर बसते. मुलगी आईला डबा द्यायला यायची, दारातून तेलुगूत काहीतरी बोलायची आणि मग माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत म्हणायची, "काकू, कार्ड घ्या ना एक. माझं टार्गेट राहिलंय."

त्या दिवशी मीच तिला थांबवलं. बिल दाखवलं. तिने ते एका नजरेत वाचलं आणि जीभ चावली.

"काकू, हे असलं कशाला भरताय? बॅलन्स ट्रान्सफर करा. आमच्या कार्डावर आणा सगळं. सहा महिने एक टक्का."

"वर्षाला?"

"महिन्याला हो. वर्षाला एक टक्का कोण देईल, तुम्हीपण."

"आणि तुमचा त्यात काय फायदा?"

ती हसली. "सातव्या महिन्यात तुम्ही भरलं नाहीत की फायदा."

तिचं हे उत्तर मला आवडलं. निदान सरळ होतं. मी कागद घेऊन बसले. दोन टक्के फी, फीवर जीएसटी, सहा महिन्यांचं उतरत जाणारं व्याज, सगळं धरून आठ हजारांच्या आत बसत होतं. तसंच चालू ठेवलं असतं तर सहा महिन्यांचे तीस हजार गेले असते. अट एकच होती, महिन्याला एकवीस हजार भरायचे. मार्च ते ऑगस्ट हा माझ्या धंद्याचा काळ. दुकानदार जूनमध्ये पैसे सोडतात. जमण्यासारखं होतं. मी सही केली.

फेब्रुवारीत नव्या बँकेने जुन्या कार्डाचं सगळं देणं भागवलं. जुन्या कार्डाचा मेसेज आला, बाकी शून्य. मुलीने मला तेव्हा एक सल्ला दिला. "जुनं बंद करू नका काकू. असू द्या अडीअडचणीला." आणि मी ऐकलं. मला वाटलं, ठीक आहे, कापडवाल्याने कधी अडवलंच तर. एवढा हिशोब मांडणारी मी, पण तेवढी एक गोष्ट तशीच सोडली. जुन्या कार्डाचे मेसेज वाचणंही सोडलं. रोज पन्नास मेसेज येतात, त्यातल्या चाळिसांत कोणीतरी अभिनंदन करत असतं.

नव्या कार्डावरही मी एक गाढवपणा केला. मार्चमध्ये बटणं आणि चेन घेताना रोख पैसे नव्हते, म्हणून तीन हजार चारशे त्या कार्डावर टाकले. मनात म्हटलं, एक टक्का तर आहे. पुढच्या बिलात त्या बटणांवर पूर्ण दराने व्याज लागलेलं. फोन केला. पलीकडचा पोरगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, कमी दर फक्त ट्रान्सफर केलेल्या रकमेला आहे. ती बाकी असेपर्यंत नवीन खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं." कुठे लिहिलंय विचारलं तर म्हणाला, अटींमध्ये. अटी मी वाचल्या नव्हत्या. बटणांवर व्याज भरणारी सोलापुरातली मी पहिलीच असेन. त्यानंतर ते कार्ड डब्यात, डाळीखाली. मार्च, एप्रिल, मे, तिन्ही हप्ते दहा तारखेच्या आत गेले. साठ हजार राहिले होते.

एसटीत नवरा खिडकीशी बसला होता, खुशीत. नवा शर्ट, केसांना कलप. मोहोळच्या पुढे त्यांनी मला विचारलं, "पाकीट घेतलंस ना?" मी पर्सवर हात ठेवून हो म्हटलं. भाचीला साडी, नणंदेला साडी, तिच्या नवऱ्याला टॉवेल-टोपी आणि पाच हजार एकचं पाकीट, असं आम्ही दोघांनी बसून ठरवलं होतं. मी स्पष्ट म्हटलं होतं, या वर्षी एवढंच. ते म्हणाले होते, बरं. या 'बरं'वर मी विश्वास ठेवला, कारण पंचवीस वर्षांत त्यांनी मला मोठी थाप कधी मारली नव्हती.

मंगल कार्यालय साखर कारखान्याच्या रस्त्यावर होतं. पत्र्याचं छत, ऊन मी म्हणत होतं, पंखे गरम हवा फिरवत होते. बारा पस्तीसचा मुहूर्त, लागलं दीडला. अक्षता पडल्या, पंक्ती बसायला लागल्या आणि माइकवाला आहेर वाचायला बसला. तिकडे ही पद्धत आहे. कोणी काय दिलं ते नाव, गाव, हुद्दा यांसकट माइकवर सांगायचं. एका वहीत लिहिणारा, एक ओरडणारा. लोक जेवता जेवता कान देऊन ऐकतात, घास तोंडात तसाच धरून. कोणी पाचशे एक दिले, कोणी पितळी समई दिली, कोणाच्या साडीला माइकवाला 'पैठणी' म्हणाला तर शेजारची बाई मला म्हणाली, "पैठणी कुठली, आठशेचं लुगडं हाय ते."

मी वांग्याची भाजी वाढून घेत होते. तेवढ्यात नवऱ्याचं पूर्ण नाव आलं, मुलीचे मामा, मुक्काम सोलापूर, वरिष्ठ लिपिक. "यांच्याकडून मुलीस अर्धा तोळा सोन्याची अंगठी."

माइकवाल्याने ते दोनदा सांगितलं. सोनं असलं की दोनदा सांगतात.

पहिल्यांदा मला वाटलं, वहीत ओळ चुकली. मग समोर बघितलं तर नवरा स्टेजवर होता. भाचीच्या बोटात अंगठी घालत होता आणि फोटोग्राफर त्याला हात जरा वर धरायला सांगत होता. शेजारची बाई म्हणाली, "लई दिलं की तुमच्यांनी." आणि मी हसले. तेच आता लिहिताना चटका बसतो. मी मान डोलावून, आपल्या संमतीनेच झाल्यासारखी हसले.

नणंद पानांमधून वाट काढत आली. माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, लई केलं बगा दादानं. मला बोललाबी न्हाई. तुमी पण गुपचूप ठेवलं व्हय?"

"मलाही आत्ताच कळलं," मी म्हटलं. ती खदखदून हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

ताट तसंच ठेवून मी मागे गेले. पाण्याच्या जारांच्या रांगेपाशी सावली होती. फोन काढून जुन्या कार्डाचे मेसेज उघडले. वर, लोनच्या ऑफरी आणि अभिनंदनांच्या मध्ये, अकरा दिवसांपूर्वीचा एक मेसेज होता. सराफाचं दुकान, चोपन्न हजार तीनशे. जादा कार्डावरून. अकरा दिवस तो माझ्याच फोनमध्ये पडून होता, आणि त्या अकरा दिवसांत मी त्याच फोनवरून काजवाल्याला रोज चार वेळा फोन केले होते.

आतून वांग्याचा, घामाचा आणि झेंडूचा एकत्र वास येत होता. अंगठीचं मला दुःख झालं नाही, भाची चांगली पोरगी आहे. झोंबलं ते तीन महिने घासून, बायकांना जादा वेळ बसवून, स्वतः इस्त्री करून मी जेवढं कर्ज खाली आणलं होतं, जवळपास तेवढंच एका दुपारी परत वर चढवलं गेलं होतं म्हणून. तेही माझ्याच नावावर. वर त्याची माइकवर घोषणा.

पाच हजार एकचं पाकीट मी पर्समध्येच ठेवलं. नणंदेच्या हातात साड्या दिल्या, टॉवेल-टोपी दिली, पाकीट दिलं नाही. निघताना नवऱ्याने डोळ्यांनी खूण केली. मला खूण दिसली नाही.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांना कळलं असावं, कारण टेंभुर्णीला उतरून त्यांनी माझ्यासाठी उसाचा रस आणला. मी तो प्यायले. तहान लागली होती.

घरी पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. मी पंखा लावला, फोन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, मेसेज उघडून.

"सांगणार होतो," ते म्हणाले.

"कधी?"

"लग्न झाल्यावर."

"झालं की. सांगा."

ते बराच वेळ मनगटावरचं घड्याळ काढत बसले. मग म्हणाले, "मागच्या वेळी मोठ्या भाचीच्या लग्नात थोरल्या भावाने चेन घातली. तीन पदरी. आता माझं नाव माइकवर पाच हजार एकला यायचं होतं का? मामा आहे मी तिचा."

"मामा आहात तर स्वतःच्या पगारातून घालायची होती."

"पगारातून कशी येणार? म्हणून तर कार्ड वापरलं. कार्ड मोकळंच होतं की."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मोकळं कसं झालं ते माहितीय ना तुम्हाला?"

"तू भरलंस ना सगळं फेब्रुवारीत."

"मी भरलं नाही. दुसऱ्या कार्डावर नेलं. ते अजून फिटतंय. साठ हजार राहिलेत."

"तेच म्हणतोय मी," ते जरा सावरून बसले, जणू आता व्यवहाराची गोष्ट आली. "ती पोरगी आहे ना ओव्हरलॉकवालीची. तिला सांग, हेही टाकू कुठल्यातरी तिसऱ्या कार्डावर. एक टक्क्याने. तोवर मिनिमम भरू."

हा माणूस मूर्ख नाही. संस्थेचं पगारपत्रक तोच करतो, सत्तर माणसांचं, रुपयाचीही चूक होत नाही. तरी त्याला खरोखर असं वाटत होतं की कर्ज एका ताटातून दुसऱ्या ताटात ओतलं की पहिलं ताट धुतलं जातं आणि त्यात पुन्हा वाढून घ्यायला हरकत नाही. त्याहून वाईट म्हणजे, ते ताट मीच धुऊन, पुसून, त्याच्यापुढे मांडून ठेवलं होतं. फेब्रुवारीत एक फोन करून ते कार्ड बंद केलं असतं तर अंगठी आली नसती, पाच हजार एकच माइकवर वाचले गेले असते आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

मी कागद घेतला. बिल पंचवीस तारखेला भरायचं होतं. त्या तारखेच्या आत पूर्ण चोपन्न हजार तीनशे भरले तर व्याज शून्य. रुपया कमी भरला तर साडेतीन टक्के, तेही खरेदीच्या दिवसापासून. नव्या कार्डाचा हप्ता एकवीस हजार, दहा जूनला. दुकानदाराचे पैसे जूनच्या शेवटी. कागदावर कसंही मांडलं तरी घरात पंचवीस तारखेपर्यंत चोपन्न हजार येत नव्हते. ठेवीशिवाय.

मी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. पतसंस्थेत ऐंशी हजार आहेत, काजाच्या मशीनसाठी ठेवलेले.

त्यांचा चेहरा बदलला. अंगठीवरून मी एवढं बोलले तेव्हा बदलला नव्हता. "तू पैसे लपवलेस? माझ्यापासून?"

"लपवले म्हणून राहिले."

"कधीपासून?"

"चार वर्षं."

मग ते हळूच म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता, पगारपत्रक तपासताना असतो तसा आवाज होता, "म्हणजे आपण दोन वर्षं मिनिमम भरत होतो तेव्हाही होते?"

होते. त्या ठेवीवर मला महिन्याला जेमतेम पाचशे रुपये व्याज मिळत होतं. तेव्हा आम्ही कार्डाला पाच हजार व्याज भरत होतो. ठेव मोडून कार्डात भरली असती तर दोन वर्षांत साठ-सत्तर हजार वाचले असते. मशीन फुकटात आलं असतं. हे गणित मला जानेवारीतच आलं होतं. बिल वाचलं त्याच दिवशी. पण ठेव मोडायची म्हणजे ती आहे असं सांगायला लागलं असतं, आणि आमच्याकडे कमावणारी बाई सगळं सांगते, थोडंसं सोडून. त्या थोड्याशासाठी मी एक टक्क्याचं कार्ड, दोन टक्के फी, तीन महिन्यांची धावपळ, एवढं सगळं उभं केलं आणि त्याला हुशारी म्हटलं. त्यांनी मोकळं कार्ड बघून अंगठी घेतली. मी ठेव झाकायला कार्डं फिरवली. दोघांच्यात फार अंतर नव्हतं आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

"होते," मी म्हटलं.

"मग मला कशाला बोलतेस?"

"कारण माझे आहेत अजून. तुमची अंगठी गेली."

यावर ते हसले, मनाविरुद्ध. मी हसले नाही. मी अटी सांगितल्या. ठेव मी मोडेन, बिल पूर्ण भरेन. ते माझ्याकडून घेतलेले उसने पैसे. दर महिन्याच्या एक तारखेला, पगार झाला की सहा हजार माझ्या खात्यात, फिटेपर्यंत. कॅन्टीन बंद. आणि नणंदेला पाकीट द्यायचं नाही, ते पाच हजार एक आत्ताच बिलात धरले.

"ती विचारेल."

"विचारू दे. माइकवर सोनं वाचलंय."

"आणि मशीन?"

"पुढच्या वर्षी."

त्यांनी मान खाली घातली. त्यांना वाईट वाटलं असेल. मला त्याचा काही उपयोग नव्हता. मी खिचडी टाकली, दोघं जेवलो, झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी जादा कार्ड ठेवलेलं होतं. त्यांनी आपणहून काढून ठेवलं होतं, पाकिटातल्या भाजीच्या पावत्यांसकट. पावत्या परत दिल्या. माल दुकानदाराकडे पाठवला आणि साडेदहाला पतसंस्थेत गेले.

काउंटरवरची बाई मला ओळखते. पावती बघून म्हणाली, "ताई, पाचच महिने राहिलेत. आत्ता मोडलीत तर व्याज कमी बसेल. राहू द्या की. ठेवतारण कर्ज घ्या त्यापेक्षा, लगेच देते."

"कर्ज नको," मी म्हटलं. "कुठल्याच टक्क्याचं नको."

तिने दोन जागी सह्या घेतल्या. पैसे खात्यात जमा व्हायला अर्धा तास लागला, तेवढा वेळ मी बाकावर बसून राहिले. मग तिथेच बसून जुन्या कार्डाची पूर्ण रक्कम भरली, चोपन्न हजार तीनशे. उरलेल्या ठेवीतून आणि पाकिटातून नव्या कार्डात तीस हजार घातले. तिथेही आता फक्त जून-जुलैचे हप्ते उरतात.

घरी येऊन ग्राहक सेवेला फोन लावला. अठरा मिनिटं गाणं वाजलं. मग एका मुलीने जुनं कार्ड बंद करण्याचं कारण विचारलं.

"नको आहे."

"मॅडम, तुमचं रेकॉर्ड खूप चांगलं आहे. तुमच्यासाठी दोन लाखांपर्यंत बॅलन्स ट्रान्सफरची खास ऑफर आहे, पहिले तीन महिने..."

"बंद करा."

"वार्षिक फी माफ करून देऊ का मॅडम?"

"बंद करा. जादा कार्डासकट."

तिने विनंती क्रमांक सांगितला. मी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला, पुन्हा वाचून दाखवायला लावला. मग दोन्ही कार्डं कापली. कापडाची कात्री प्लास्टिकने बोथट होते, म्हणून दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेतली. प्रत्येकाचे सहा तुकडे केले, चिप मधोमध कापली आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.